लैंगिक सवयीवरचा ताबा सुटलाय, नागपुरात कुणाकडे जाऊ?

तुमचा प्रश्न रात्री दोनच्या पुढे आणि घाईत लिहिलेला दिसतो, म्हणून मला काय समजलं ते आधी सांगते. वय ३१, मिहानमध्ये नोकरी, लग्नाला दोन वर्षं. कॉलेजपासून पॉर्न बघत होतात, गेल्या वर्षभरात ते रोज तीन-चार तासांवर गेलं. मग पैसे भरून अनोळखी बायकांशी व्हिडिओ कॉल सुरू झाले, क्रेडिट कार्डावर दीड लाखाच्या आसपास थकले, आणि दोनदा प्रत्यक्ष भेटही झाली. बायकोच्या हाती फोन लागला आणि ती अमरावतीला माहेरी निघून गेली. तुम्ही विचारलंय, "सेक्सॉलॉजिस्ट, सायकियाट्रिस्ट की सायकॉलॉजिस्ट? नागपुरातलं एखादं चांगलं नाव द्या. आणि कुणाला कळणार तर नाही ना?"

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, बावीस वर्षं नागपुरात हेच काम करते. नाव मी देणार नाही. तुमच्या स्थितीतला माणूस एका नावावर अडून बसतो, त्यांची वेळ तीन आठवड्यांनंतरची मिळते, आणि तोवर आत्ताचा धीर ओसरून जातो. हे मी फार वेळा पाहिलंय. त्यापेक्षा योग्य माणूस ओळखायचा कसा हे समजलं, तर तीन ठिकाणी फोन करून या आठवड्यातच कुठेतरी पोहोचाल.

तुमच्या प्रश्नाखाली मला दुसराच प्रश्न दिसतो. पत्ता शोधणं अवघड नाही. हे तोंडाने कुणाला सांगायचं, आणि सांगितल्यावर समोरचा मला घाणेरडा समजला तर, ही खरी धास्ती आहे. धंतोलीत माझ्या क्लिनिकसमोर एक कडुनिंब आहे. एक गृहस्थ सलग तीन गुरुवार त्या झाडाखाली गाडीवर बसून परत गेले होते. चौथ्या गुरुवारी आत आले, पण बोलले नाहीत. औषधाच्या बिलामागे चार ओळी लिहून आणल्या होत्या, तो कागद टेबलावरून माझ्याकडे सरकवला आणि पंख्याकडे बघत बसले. शेवटची ओळ होती, "मी काय करून राहिलो, मलेच समजून नाही राहिलं." काम तिथूनच सुरू झालं. (त्यांची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत, पुढेही तसंच.) तुम्हालाही बोलता येत नसेल तर लिहून न्या. मला विचारलेला प्रश्नच छापून नेलात तरी चालेल, त्यात बरंच आलेलं आहे.

आता कोण काय करतं ते. 'सेक्सॉलॉजिस्ट' या पाटीमागे आपल्याकडे फार वेगवेगळं शिक्षण असतं. कुणी एमडी सायकियाट्री केलेलं असतं, कुणी युरॉलॉजिस्ट असतं, आणि कुणाकडे काहीच नसतं. रेल्वे स्टेशनच्या आसपासच्या भिंतींवर 'गुप्तरोग, शर्तिया इलाज' रंगवलेलं तुम्हीही वाचलं असेल. लैंगिक शक्ती वाढवून देण्याच्या औषधांची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, त्यामुळे अशी जाहिरात करणारा माणूस पहिल्याच पायरीवर कायदा मोडतोय, एवढं लक्षात ठेवा. ताठरता येत नाही, वीर्य लवकर जातं अशी तक्रार असेल तर लैंगिक समस्या बघणाऱ्या शिकलेल्या डॉक्टरकडे जरूर जावं. तुमची तक्रार ती नाही. तुमचा ताबा सुटलाय.

सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस नंतर मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर. ते औषध देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाहीत, बोलून आणि सरावातून उपचार करतात. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी असावी लागते. तो नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका, आम्हाला त्याचा राग येत नाही. 'काउन्सेलर' हा शब्द मात्र कुणीही पाटीवर लावतं. काही काउन्सेलर आणि एमएसडब्ल्यू झालेले समाजकार्यकर्ते फार चांगलं काम करतात, पण तुमच्या बाबतीत सुरुवात तिथून करू नये असं माझं मत आहे. आधी एकदा सायकियाट्रिस्टना भेटा, मग आठवड्याला एकदा थेरपी. दोघं एकमेकांशी बोलणारे असले तर उत्तम.

आधी सायकियाट्रिस्ट का, याला कारण आहे. एक निवृत्त शिक्षक होते, वय साठीच्या पुढे. आयुष्यभर सरळमार्गी माणूस अचानक रात्ररात्र मोबाइलवर तसलं बघायला लागला, बायकोच्या मागे लागला, पेन्शनचे पैसे उडवायला लागला. मुलं त्यांना घराबाहेर काढायच्या बेतात होती. विचारता विचारता कळलं की त्यांना कंपवात (पार्किन्सन्स) आहे आणि काही महिन्यांपूर्वी त्यावरच्या प्रॅमिपेक्सोल या औषधाचा डोस वाढवलाय. त्या गटातल्या औषधांनी काही लोकांची लैंगिक इच्छा, जुगार, खरेदी असं सगळंच हाताबाहेर जातं. न्यूरॉलॉजिस्टनी औषध बदललं आणि हळूहळू पूर्वीचे गुरुजी परत आले. मी नुसतीच थेरपी करत बसले असते तर त्या माणसाचं घर मोडलं असतं. तुम्ही ३१ वर्षांचे आहात, तुम्हाला कंपवात नाही. पण बायपोलर आजारातली तेजीची अवस्था, दबलेलं नैराश्य, दारू, लहानपणापासूनचा एडीएचडी (लक्ष न टिकणं, उतावळेपणा) ही कारणं तुमच्या वयात सहज असू शकतात. झोप दोन-तीन तासांवर येऊनही अंगात जोर वाटतो का, पैसे इतर ठिकाणीही उधळले जातात का, हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

याला आजार म्हणायचं का, यावर आमच्यातही एकमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, म्हणजे आयसीडी-११ मध्ये, 'कम्पल्सिव्ह सेक्शुअल बिहेविअर डिसऑर्डर' असं निदान आहे, आणि ती यादी जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिथे ते व्यसनांत धरलेलं नाही, आवेगावर ताबा न राहण्याच्या विकारांत धरलंय. अमेरिकेतल्या मानसिक आजारांच्या यादीत, २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, असं निदान घ्यायचा प्रस्ताव होता, तो घेतला गेला नाही. म्हणून एक डॉक्टर 'व्यसन' म्हणाले आणि दुसरे 'नाही' म्हणाले, तर दोघांपैकी एक खोटा असं समजू नका. कामाचं हे आहे: सहा महिने किंवा जास्त काळ ताबा राहत नाही, थांबायचे प्रयत्न फसतात, काम-तब्येत-नाती मागे पडतात, आणि त्यातून समाधान मिळेनासं झालं तरी सुटत नाही. तुम्ही जे लिहिलंय त्यातलं बरंच यात बसतं. ठरवायचं मात्र समोर बसलेल्या माणसाने, मी चार परिच्छेद वाचून नव्हे.

त्याच व्याख्येत एक अट आहे, ती मला फार मोलाची वाटते. त्रास फक्त 'हे पाप आहे' या भावनेतूनच होत असेल, तर तेवढ्यावर हे निदान करायचं नाही. माझ्याकडे 'सेक्स ॲडिक्शन' म्हणत येणाऱ्यांत अशी मुलं पुष्कळ असतात. आठवड्यातून दोनदा हस्तमैथुन, बाकी अभ्यास-नोकरी ठीक, पण मनातून खचलेली. कुणीतरी सांगितलेलं असतं की वीर्य गेलं म्हणजे ताकद गेली. त्यांना उपचार नको, खरी माहिती हवी. काही जण असे येतात की त्यांना पुरुष आवडतात आणि तेच सोडवून हवं असतं. तो आजारच नाही. ते 'बदलून' देतो म्हणणारा उपचार हा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये डॉक्टरांच्या बाबतीत गैरवर्तन ठरवलाय. कुणी असा उपचार देऊ केला तर उठून या.

आता मुख्य मुद्दा. पाटीवर 'सेक्स ॲडिक्शन तज्ज्ञ' लिहिलंय का हे शोधत बसू नका. पहिल्या दोन भेटींत तुम्हाला काय विचारलं जातं ते बघा.

चांगला थेरपिस्ट 'काय बघता' यापेक्षा 'कधी, कुठे, त्याच्या तासभर आधी काय झालं होतं' हे विचारतो. एका क्लाएंटची एक रात्र आम्ही कागदावर मांडली होती. मे महिना. साडेअकराला बायको झोपली. हा हॉलमध्ये, कूलर सुरू. कूलरच्या घरघरीत फोनचा आवाज आत जात नाही, हे त्याला पाठ होतं. तो म्हणत होता, "मॅडम, वासनाच येते, दुसरं काही नाही." आम्ही मागे मागे जात राहिलो. अकरा वाजता जेवण. दहाला घर. साडेनऊला वर्धा रोडवर सिग्नलला उभा असताना मॅनेजरचा फोन, चार लोक लाइनवर असताना "तुला हे एवढंही जमत नाही का" हे वाक्य. त्याने ते कुणालाच सांगितलं नव्हतं. मागच्या सहा घसरणींपैकी पाचांच्या मागे असंच काहीतरी निघालं. अपमान गिळायचा आणि दोन तासांनी स्क्रीनसमोर बसायचं. तो ज्याला वासना म्हणत होता तो स्वतःला बधिर करायचा मार्ग होता. मग काम कशावर करायचं ते दिसलं: फोन आल्यावरचा पहिला अर्धा तास, झोपायची जागा, आणि 'मला वाईट वाटलं' हे बायकोला सांगता येणं.

ओढ आली की तिच्याशी झगडायचं नाही आणि तिच्या मागेही जायचं नाही. ती चढते, टोकाला जाते आणि ओसरते, तेवढा वेळ तिच्याकडे बघत बसायला शिकायचं, हाही या उपचाराचा मोठा भाग असतो. सरावाने येतं. काहींना सायकियाट्रिस्ट नैराश्यावरची किंवा नाल्ट्रेक्झोनसारखी औषधं देतात, त्याने ओढीची धार कमी होते. पण गोळीने फक्त उसंत मिळते, त्या उसंतीत काम करावंच लागतं.

आणखी काय विचारलं जायला हवं? झोप, दारू, कर्ज. लहानपणी तुमच्या बाबतीत कुणी काही केलं होतं का. जिवाचं बरंवाईट करायचा विचार येतो का. आणि ज्यांच्याशी संबंध आला त्या सज्ञान होत्या का, त्यांची संमती होती का. हा शेवटचा प्रश्न टोचेल, पण तो न विचारणारा थेरपिस्ट मला कच्चा वाटतो.

काही गोष्टी दिसल्या तर दुसरं दार बघा. 'मूल होऊ द्या, सगळं आपोआप ठीक होईल' हा सल्ला. माणूस सुधारावा म्हणून मूल जन्माला घालणं हा त्या मुलावरही अन्याय आहे. 'अहो सगळेच बघतात, सोडा' म्हणून दहा मिनिटांत बोळवण. 'एकवीस दिवसांत गॅरंटी'. एकगठ्ठा पॅकेजचे पैसे आधीच मागणं. गरजेपेक्षा जास्त लैंगिक तपशील चवीने विचारणं. आणि थेरपिस्टने स्पर्श केला किंवा खासगी जवळीक सुचवली, तर एक मिनिटही थांबू नका. उलट, पहिल्या भेटीत थोडं अवघडल्यासारखं वाटलं म्हणून मात्र सोडू नका, ते सगळ्यांनाच वाटतं. पुरुषांना माझ्यासारख्या बाईसमोर बोलणं जड जाईल असं वाटतं. काहींना खरंच जातं, त्यांना मी पुरुष सहकाऱ्यांकडे पाठवते. कित्येकांना उलट सोपं जातं. हे माणसागणिक बदलतं, करूनच कळतं.

'कुणाला कळेल का' याचं सरळ उत्तर. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातल्या कलम २३ नुसार तुमची माहिती गुप्त राहण्याचा तुम्हाला हक्क आहे. तुमच्या परवानगीशिवाय थेरपिस्ट बायकोला, आईवडिलांना किंवा ऑफिसला काही सांगू शकत नाही. याला अपवाद आहेत: कुणाच्या जिवाला धोका असेल, कोर्टाचा आदेश असेल. आणि अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते कळवणं आम्हाला बंधनकारक आहे. तुमच्या लिहिण्यात तसं काही नाही, पण हे वाचणारे तुम्ही एकटे नाही. लहान मुलांकडे मन ओढलं जातं, पण हातून काही घडलेलं नाही, अशा माणसाने तर सगळ्यांत आधी मदत घ्यावी; नुसत्या मनात येण्यावर गुन्हा होत नाही. पहिल्याच भेटीत विचारा, "तुम्ही काय गुप्त ठेवाल आणि काय ठेवू शकणार नाही?" याचं स्वच्छ उत्तर देणारा माणूस विश्वासाचा.

आपलं नागपूर मोठं झालं तरी वेटिंग रूममध्ये मामेसासरे भेटतील इतकं लहानही आहे, ही भीती खोटी नाही. घर मनीषनगरकडे असेल तर सदरला जा, सदरला असेल तर दुसरीकडे. शेवटची वेळ मागा. ऑनलाइन थेरपीही चालते, पण पहिली एक-दोन वेळ समोरासमोर भेटलेलं बरं. ऑनलाइनला घरात आडोसा मिळत नाही. माझे दोन-तीन क्लाएंट फुटाळा तलावाजवळ गाडी लावून, काचा वर करून बोलतात आणि ते नीट चालतं. ऑफिसच्या विम्यातून बिल मागितलंत तर कागदपत्रं कुणाकडे जातात ते आधी विचारून घ्या.

पैशांची ओढाताण असेल, आणि दीड लाख थकल्यावर ती असणारच, तर मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत आणि मिहानमधल्या एम्समध्ये मानसोपचार विभाग आहेत. एम्स तुमच्या ऑफिसजवळ, पण त्याच कारणाने सहकारी भेटण्याची शक्यताही तिथेच जास्त. प्रादेशिक मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग आहे. बाजूच्या चौकाला लोक अजून 'पागलखाना चौक' म्हणतात, म्हणून माणसं तिकडे फिरकत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. सरकारी ओपीडीत गर्दीमुळे दर आठवड्याला निवांत तासभर मिळेलच असं नाही. निदान आणि औषधं तिथे, थेरपी दुसरीकडे, अशी सांगड पुष्कळ जण घालतात.

या आठवड्यात करायचं ते पटकन. दोनदा प्रत्यक्ष भेट झालीये, तर एचआयव्ही आणि इतर गुप्तरोगांची तपासणी करून घ्या. सरकारी रुग्णालयांतल्या आयसीटीसी केंद्रात एचआयव्ही तपासणी मोफत आणि गोपनीय असते, माहितीसाठी १०९७ वर फोन करा. शेवटच्या भेटीला तीन महिने झाले नसतील तर नंतर पुन्हा एकदा करावी लागेल. यात बायकोच्या तब्येतीचाही प्रश्न आहे, म्हणून हे लांबवू नका. फोनमधलं साठवलेलं कार्ड काढून टाका. रात्री फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा, अलार्मला साधं घड्याळ आणा. व्हिडिओ कॉलचं रेकॉर्डिंग दाखवून कुणी पैसे मागत असेल तर एक रुपयाही देऊ नका, चॅट पुसू नका, १९३० वर सायबर तक्रार करा. आणि मन अगदीच खाली गेलं तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र सुरू असतो, मराठीतही बोलतात.

किती दिवस लागतील ते तुमच्या चालढकलीवर, कर्जावर आणि मुळाशी काय निघतं त्यावर आहे. माझ्याकडे बहुतेक जण चार ते सहा महिने दर आठवड्याला येतात, पुढे महिन्यातून एकदा. मधे घसरण होते. घसरल्यावर 'आता गेलंच सगळं' म्हणून रात्रभर बसणं हे त्या एका घसरणीपेक्षा जास्त नुकसान करतं, म्हणून घसरलात तर त्याच आठवड्यात जाऊन सांगा.

राहिली बायको. तुम्ही तिच्याबद्दल फक्त एक ओळ लिहिलीत, शेवटी. ती परत येईल का हे कुठलाही थेरपिस्ट सांगू शकत नाही आणि तिला परत आणणं हे त्याचं कामही नाही. पहिल्या भेटीची पावती घेऊन लगेच अमरावतीला धावू नका. तिला ते दडपण वाटेल. तिला राग यायला, रडायला, गप्प राहायला वेळ लागेल, आणि तिलाही स्वतंत्र कुणाशी तरी बोलायची गरज आहे, तुमच्याच थेरपिस्टशी नव्हे. तपासणीचं मात्र तिच्यापासून लपवू नका. कसं सांगायचं ते पहिल्याच भेटीत थेरपिस्टबरोबर बसून ठरवा, आणि रिपोर्ट येईपर्यंत शरीरसंबंध ठेवू नका. आज तिला पाठवायचाच असेल तर एवढाच मेसेज पाठवा: "मी मदत घ्यायला सुरुवात केली आहे. तुला बोलावंसं वाटेल तेव्हा मी खरं सांगेन." पण तो अपॉइंटमेंट ठरल्यानंतर पाठवा. फोनवर रिसेप्शनिस्टने कारण विचारलं तर "खासगी आहे, डॉक्टरांनाच सांगतो" म्हणा, पुढे कुणी खोदत नाही. सोमवारी सकाळी दहानंतर बहुतेक ठिकाणी फोन उचलतात.